सगुणा दात बघायची

माझी बायको सगुणा माणसाच्या तोंडाकडं बघत नसे, तोंडात बघे. पाव्हणा असो, तलाठी असो, नाहीतर एसटीचा कंडक्टर असो, तो बोलायला लागला की ही मान वाकडी करून त्याच्या ओठांच्या आत डोकवायची. माणूस बिचारा घाबरून तोंड मिटायचा. मग ही म्हणायची, "मिटू नगा, बघू द्या की. मेंढीबी एवढी लाजत न्हाई."

आम्ही मेंढरांची माणसं. केजच्या बाजूला माळावर आमची वस्ती आहे. मेंढीचं वय दातावरून कळतं. कोकराला दुधाचे दात असतात. मग दोन मोठे दात आले की दोन दाती, नंतर चार दाती, सहा दाती, आणि सगळे आले की मेंढी जुळली म्हणायचं. बाजारात विकणारा काय वाटेल ते सांगतो, म्हणून घेणाऱ्यानं तोंड उघडून बघायचं. सगुणा लहानपणापासून बापाबरोबर बाजार फिरलेली. तिनं तोच हिशोब माणसांना लावला आणि जन्मभर चुकत राहिली. कारण माणूस तंबाखू खातो, मेंढी खात नाही.

मी तिला बघायला गेलतो तेव्हाची गोष्ट. ती डोक्यावर पदर घेऊन पाणी घेऊन आली. मी तांब्या वर करून प्यायलो, तर ही खाली वाकून बघायला लागली. मला वाटलं, पोरगी लाजाळू आहे. आत गेली आणि बापाला म्हणाली, बाहेर बसलेल्या सगळ्यांना ऐकू आलं, "आबा, हे वीस सांगायलेत, पण जुळलेलं हाय. पंचवीसच्या खाली न्हाई."

माझा बाप लालबुंद झाला. खरं म्हणजे मला बाविसावं चालू होतं. म्हणजे खोटं आम्हीही बोललो होतो आणि चूक तिचीही होती. तिचा बाप आतूनच म्हणाला, "मग न्हाई म्हणू का?"

"न्हाई कावून? दात चांगले हायेत. टिकंल."

मला आयुष्यात मिळालेलं हे एकच सर्टिफिकेट. शाळेचं मिळालं नाही, चौथीत सोडली.

ज्यांनी तिला कधी पाहिलं नाही त्यांना वाटेल म्हातारा वाढवून सांगतोय. मग हे ऐका. एकदा निवडणुकीत एक मोठे पुढारी वस्तीवर आले. मागं गाड्यांची रांग, गळ्यात हार. सगळे पाया पडायला लागले. पुढारी सगुणाला म्हणाले, "काय आजी, लक्ष आहे ना आमच्यावर?" आणि हसले. हसायला नको होतं. ही म्हणाली, "सायेब, तुमी तर कवाच जुळलाव. समोरचे दोन तर इकत घेतलेले दिसायलेत." पुढाऱ्यांनी तोंड मिटलं ते गाडीत बसेपर्यंत उघडलं नाही. पुढच्या गावात म्हणे त्यांनी भाषणच केलं नाही, नुसते हात जोडले. लोकांना त्यांचं तेवढंच भाषण आवडलं.

कुणी मूर्खपणा केला की तिचं एक ठरलेलं बोलणं होतं. "डोस्क्यात लेंड्या भरल्यात का?" हे ती मला म्हणायची, पोराला म्हणायची, मोबाइलमध्ये बोलणाऱ्या बाईलासुद्धा म्हणायची. ती बाई म्हणायची, तुम्ही डायल केलेला नंबर व्यस्त आहे, की ही सुरू.

अशी ही बाई. सगळ्या जगाच्या तोंडात बोट घालणारी. आणि स्वतःचं दुखणं मात्र तिनं वर्षभर तोंडातून काढलं नाही. तिची पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि परत अंगावरून जायला लागलं. हे बाईमाणसानं बोलायचं नसतं म्हणून ती बोलली नाही. पुढाऱ्याच्या दातांवर बोलली, स्वतःच्या रक्तावर नाही. मला कळलं ते एका सकाळी ती शेडच्या मागं एकटीच लुगडं धुताना दिसली म्हणून. मी विचारलं तर म्हणाली, "डाग पडलाय." मी म्हणालो, कसला? तर म्हणाली, "धुवायलेय न्हवं? मग गप बसा."

बीडला नेलं. तिथून मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी तोंडाला पट्टी बांधलेली. सगुणाचा त्यांच्यावर विश्वासच बसेना. माझ्या कानात म्हणाली, तिचं कानात बोलणं म्हणजे पलीकडच्या वॉर्डात ऐकू जाणार, "दात दिसंनात, माणूस वळखावं कसं?" बाईंनी पट्टी खाली केली आणि हसल्या. सगुणानं नीट बघून घेतलं. "आगं बया, हे तर कोकरू हाय! ह्येनं मला तपासायचं व्हय?"

बाई चांगल्या होत्या. रागावल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, तुम्हाला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झालाय."

सगुणा म्हणाली, "तिथं तोंड असतंय?"

"असतं."

"मग दात?"

बाईंना हसावं का रडावं कळेना. मलाही कळेना. मग त्यांनी सगळं समजावलं. हा रोग एका विषाणूनं होतो. तो तरुणपणी अंगात शिरतो. बहुतेक बायांचं अंग त्याला आपलं आपण हुसकून लावतं. पण एखादीच्या अंगात तो गुपचूप बसून राहतो, वर्षानुवर्षं, आणि मग असा बाहेर पडतो. आता त्यावर लस निघाली आहे. पोरगी वयात यायच्या सुमाराला, चौदाच्या आसपास दिली तर चांगली लागू पडते. आधी दोन-तीन सुया द्यायचे. मग जगभरच्या डॉक्टरांनी सुई घेतलेल्या पोरींवर बरीच वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा दिसलं की एका सुईवरही भागतं.

"मग टोचा की मला," सगुणा म्हणाली. हातही पुढं केला.

"तुम्हाला आता उपयोग नाही, आजी. रोग शिरायच्या आधी घ्यायची असते ती."

सगुणा माझ्याकडं वळली. "म्हंजे आंत्रविषारासारखं."

आता डॉक्टरीणबाईंना आंत्रविषार माहीत नव्हता. मी सांगितलं, मेंढरांचा रोग आहे, पावसाळ्याच्या आधी सगळ्या कळपाला टोचतात, नंतर टोचून उपयोग नसतो. बाई म्हणाल्या, "बरोबर, तसंच." सगुणानं पुढचं विचारलं, "मी चौदाची व्हते तवा ही सुई कुठं व्हती?"

"नव्हती हो आजी. कुणाला एवढं माहीतच नव्हतं."

"मग तुमचा काय दोष न्हाई," सगुणा म्हणाली आणि तिनं सगळ्या डॉक्टरकीला माफ करून टाकलं.

परत येताना एसटीत ती खिडकीला बसली नाही. मधल्या जागेवर बसली, म्हणजे दोन्हीकडच्या पोरी दिसतात. शाळेची एखादी पोरगी चढली की ही म्हणायची, "आ कर गं. कितव्या वर्गात हायस? सुई घेतलीस का?" एका आईनं पोरगी उचलून मागच्या सीटवर नेली. सगुणा मागं वळून ओरडली, "नेऊन ठिव, पण टोचून ठिव!" कंडक्टर मला म्हणाला, "बाबा, ह्या कुठल्या खात्यात आहेत?" मी म्हणालो, मेंढ्यांच्या.

दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. विजेचा शेक दिला, सलाइनी लावल्या. ती वाळत गेली, पण आवाज वाळला नाही. सुनेला दामटून तपासणीला पाठवलं, ती तपासणी चांगली निघाली तेव्हा वस्तीभर गूळ वाटला. आणि एके दिवशी उपकेंद्राच्या वैशाली सिस्टर सांगत आल्या की पोरींच्या लशीचं शिबिर आपल्याकडं लागतंय. दिवाळी झाल्यावरच्या बुधवारी.

वैशाली सिस्टर बीडच्या. स्कूटीवर यायच्या. सुईला भीत नव्हत्या, पण मेंढीला भीत होत्या. कोकरू जरी जवळ आलं तरी स्कूटीवर पाय वर घेऊन बसायच्या. त्यांनी स्कूटीवर बसूनच सांगितलं, चौदा वर्षांच्या पोरी, आईबापांची संमती पाहिजे, जबरदस्ती नाही. सगुणा म्हणाली, "तुमी या तर खरं. कळप हाकायचं माझ्याकडं."

पण कळप हाकणं सोपं नव्हतं, कारण मध्ये भीमराव होता.

भीमराव माझा चुलतभाऊ. माझ्याहून लहान, मिशा माझ्याहून मोठ्या. वस्तीत त्याचा शब्द चालतो. त्याच्या नातीचं नाव राणी, चौदा वर्षांची. माझी नात कोमलही तेवढीच. कोमलचं काही अवघड नव्हतं, तिची आजी सगुणाच होती. पण बाकीच्या सगळ्या पोरींचे बाप भीमराव काय म्हणतो त्याच्याकडं बघायचे. आणि भीमराव म्हणाला, न्हाई.

त्याचं कारणही मेंढरांतलंच. एका साली जनावरांचे डॉक्टर लस द्यायला आलते. त्यांनी सांगितलं होतं, ज्या मेंढ्या व्यायला झाल्यात त्या बाजूला काढा, धरताना आदळआपट करू नका. भीमरावानं सरसकट सगळ्या धरून आडव्या पाडल्या आणि टोचून घेतल्या. चार-पाच मेंढ्या गाभडल्या, पोटातली कोकरं गेली. तेव्हापासून सुई म्हणलं की त्याच्या डोळ्यापुढं त्या मेंढ्या यायच्या. पारावर बसून तो सगळ्यांना सांगायचा, "सुईनं गरभ ऱ्हात न्हाई. मी डोळ्यानं बघितलंय. पोरींचं वाटोळं करायचं हाय का?"

सगुणा त्याच्या दारात जाऊन म्हणाली, "भाऊजी, मेंढ्या सुईनं गाभडल्या का तुमी त्यांच्या पोटावर बसलाव म्हणून गाभडल्या?"

"वैनी, तुमी बाईमाणूस. तुमाला काय कळतंय त्यातलं?"

"व्हय की. गरभाचं सगळं तुमालाच कळतंय. किती येळा बाळंत झालाव?"

आतून त्याच्या सुनेचा हसण्याचा आवाज आला आणि तिथंच बंद झाला. सून तयार होती, पोरगी तयार होती. पण सासऱ्यापुढं बोलणार कोण? आणि भीमरावानं एक गंमत केली. त्यानं जाहीर केलं की यंदा मेंढरं घेऊन चराईला मंगळवारीच निघायचं. शिबिर बुधवारी. म्हणजे राणी आणि बाकीच्या पोरी आईबापांबरोबर मेंढरांमागं निघून जाणार, आणि परत येणार थेट पावसाळ्याच्या तोंडाला. सिस्टर तेव्हा असतील, लस असेल. सगुणा असेल का, हे कुणी बोललं नाही. पण ते सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यात जास्त राणीला. ती पोरगी रोज शाळा सुटली की आमच्याकडं यायची आणि सगुणाच्या डोक्यावर जे चार केस राहिले होते ते विंचरत बसायची. चार केसांची वेणी घालायला ती अर्धा तास लावायची.

आता आमच्यात एक रीत आहे. मेंढरं बाहेर काढायच्या दिवशी पुढच्या एडक्याच्या कपाळाला भंडारा लावायचा, आणि तो वस्तीतल्या सगळ्यात थोरल्या बाईनं लावायचा. त्याशिवाय कळप हलत नाही. आमचा पुढचा एडका म्हणजे सरदार. त्याची शिंगं टेम्पोच्या स्टेअरिंगएवढी. सगुणाच्या हातची भाकरी खाऊन तो माजलेला. आणि वस्तीतली सगळ्यात थोरली बाई कोण, हे मी सांगायला नको.

मंगळवारी सकाळी सामान लादलं, कुत्री सोडली, भीमराव नवी पांढरी टोपी घालून भंडाऱ्याची वाटी घेऊन आमच्या दारात आला. "वैनी, चला. लावा."

सगुणा गोधडीतूनच म्हणाली, "आज न्हाई. उद्या."

"आज निघायचंय."

"निघा की. मी कुठं धरलंय? भंडारा उद्या लागंल, पोरींला सुई टोचल्यावर."

भीमराव माझ्याकडं बघायला लागला. "दादा, सांगा की हिला."

मी म्हणालो, "भीम्या, चाळीस वर्षं झाली बे माझ्या लग्नाला. मी सांगून काय होत असतं तर मी आज तंबाखू खात असतो का चोरून?"

तो चिडला. म्हणाला, रीत माणसासाठी असते, मीच लावतो. वाटी घेऊन सरदारकडं गेला. आता सरदार आणि भीमराव यांचं जुनं वैर. कधीतरी त्यानं सरदारला शिंगाला धरून ओढलं होतं. भीमरावानं बोटात भंडारा घेतला, पुढं वाकला. सरदार मागं सरला. भीमरावाला वाटलं, भ्याला. तो आणखी वाकला. एडका मागं सरतो तो भिऊन नाही, हे त्याच्याएवढ्या मेंढक्याला कळायला पाहिजे होतं. पण लेंड्या.

पुढचं मी डोळ्यानं बघितलं. वाटी एकीकडं, टोपी एकीकडं, आणि वस्तीचा कारभारी पऱ्हाट्यांच्या ढिगावर. कापसाच्या वाळलेल्या काड्या त्या, माणूस पेलत नाहीत. भीमराव कमरेपर्यंत आत गेला आणि तिथंच अडकला. वर नुसत्या मिशा आणि दोन हात. सरदार खाली उभा राहून जमीन उकरायला लागला. सगळी वस्ती जमली. बाया पदर तोंडात घालून हसत होत्या.

"वैनी! तुमचा एडका आवरा!"

सगुणा काठी टेकत, राणीच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर आली. बऱ्याच दिवसांनी ती उंबऱ्याच्या बाहेर आलती. ढिगापाशी येऊन उभी राहिली. "भाऊजी, भंडारा लावलाव का?"

"लावू कुठं देतोय ह्यो!"

"त्याला दात दाखवा. म्हातारा बघून सोडून देतंय."

लोक पोट धरून हसले. भीमरावही काट्याकुट्यात अडकलेला, हसावं का ओरडावं त्याला कळेना. सगुणानं सरदारच्या पाठीवर हात ठेवला तसा तो गप झाला. आणि मग ती हळू आवाजात बोलली. तिचा हळू आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

"भाऊजी, तुमी आधी रोज आमच्याकडं च्या प्यायला यायचाव. आता येत न्हाईत. कावून येत न्हाईत, ते मला म्हायती हाय. माझ्या अंगाला वास येतोय. मलाबी येतोय. तुमची चूक न्हाई, तो वास सोसण्यासारखा न्हाई. ही एकटी पोरगी नाक न धरता माझ्याजवळ बसतीय. हिला एक सुई टोचायची हाय. उद्या हिच्याजवळ कोण नाक धरून बसू नये, एवढंच. बाकी तुमच्या मेंढ्या, तुमचा माळ, कवाबी जा."

भीमराव पऱ्हाट्यांतून राणीकडं बघत होता. राणी खाली बघत होती, पण सगुणाचा हात तिनं घट्ट धरलेला. शेवटी भीमराव म्हणाला, "त्या सुईला वेळ किती लागतोय?"

"तुमाला ढिगातून काढायला लागंल त्यापेक्षा कमी," सगुणा म्हणाली. आवाज परत पहिल्यासारखा.

बुधवारी शिबिर झालं. त्यात सगुणानं जो गोंधळ घातला तो वैशाली सिस्टर अजून सांगतात. मेंढरांना लस देताना, टोचलेल्या मेंढीच्या पाठीवर गेरूचा ठप्पा मारतात, म्हणजे दोनदा टोचली जात नाही आणि एखादी सुटतही नाही. सगुणा उपकेंद्राच्या ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत गेरूची वाटी घेऊन बसली. सिस्टर म्हणाल्या, "आजी, आमच्याकडं नोंद असते." ही म्हणाली, "तुमची नोंद तुमच्याकडं. कळपाची नोंद पाठीवर."

आणि आत जाण्याआधी प्रत्येकीचे दात. "आ कर." पोरी खिदळत आ करत होत्या. राणीला म्हणाली, "ही बारक्या वयाची हाय, दोन दात तर अजून आलेच न्हाईत." राणीचे दोन दात सायकलवरून पडून गेलेले, हे सगुणाच्याच घरासमोर घडलेलं. मग तिनं सिस्टरनाही आ करायला लावलं. सिस्टरना एक मुलगा आहे, तो शाळेत जातो. सगुणानं निकाल दिला, "ही सहा दाती. हिलाबी टोचून घ्या." सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना थोडा वेळ सुई बाजूला ठेवावी लागली.

राणीचा नंबर आला तेव्हा भीमराव तिच्यासोबत आत गेला. मिशा पिळत गेला. सिस्टरनी सांगितलं, सुई टोचल्यावर कधीकधी पोरींना चक्कर येते, म्हणून अर्धा तास बसवून ठेवायचं. राणीनं डोळे मिटले, सुई झाली, डोळे उघडले, तर आजोबा जमिनीवर. त्याला वारा घालून उठवलं आणि पोरींच्या रांगेत अर्धा तास बसवून ठेवलं, नियमाप्रमाणं. बाहेर आला तसा सगुणानं त्याच्या पांढऱ्या टोपीवर गेरूचा ठप्पा मारला. "हे बी झालं."

पोरींच्या शाळेच्या पांढऱ्या ड्रेसच्या पाठीवर गेरू. एकेकीची आई बोंबलायला लागली. सगुणा म्हणाली, "जाईल की धुतल्यावर." गेला नाही. तिला माहीत होतं जात नाही ते. मग तिनं हात न धुताच सरदारच्या कपाळाला भंडारा लावला, त्यामुळं तो लाल-पिवळा झाला. कळप निघाला. सगळ्यात पुढं लाल-पिवळा एडका, त्याच्यामागं ठप्प्याची टोपी घातलेला भीमराव. जाता जाता तो आमच्या दारात थांबला, आत आला आणि सगुणाच्या गोधडीजवळ बसून कपभर चहा प्यायला. नाकाला हात लावला नाही.

उन्हाळ्यात ती गेली. मेंढरं अजून बाहेर होती. शेवटच्या दिवसांत तिला कुणी फारसं ओळखू येत नव्हतं. एका दुपारी मी तिच्याजवळ बसून तिला चमच्यानं पाणी देत होतो. तिनं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं, माझ्या हनुवटीला हात लावला आणि म्हणाली, "आ करा." मी आ केला. तिनं बघितलं. आता माझ्या तोंडात बघण्यासारखं राहिलंय काय? पण तिनं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "किती गेले वो तुमचे. नीट चावून खात जा."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. म्हणजे राग नव्हता, बोलता येत नव्हतं.

भीमराव जीपनं आला, खांदा द्यायला. डोक्यावर तीच टोपी. त्याच्या सुनेनं ती खूप घासली होती म्हणे, पण ठप्पा गेला नव्हता. मला म्हणाला, "दादा, दुसरी घ्यायला पैसे न्हाईत असं न्हाई." मी म्हणालो, मला माहीत आहे बे.

घर आता गप्प आहे. मोबाइलमधली बाई म्हणते, नंबर व्यस्त आहे, आणि तिला कुणी काही म्हणत नाही. मी सकाळी उठतो, मेंढरांकडं जातो, येतो, भाकरी खातो. लोक म्हणतात, म्हातारा बरा आहे. बरा नाही. पण लोकांना काय सांगायचं?

गेल्या आठवड्यात परत शिबिर झालं. यंदा ज्या पोरी चौदाच्या झाल्या त्यांचं. मला कुणी बोलावलं नव्हतं, मीही गेलो नाही. दारात बसून होतो. तर उपकेंद्राकडून पाच-सहा पोरी वेण्या उडवत आल्या, पुढं कोमल आणि राणी. मागच्या सगळ्या माझ्यासमोर येऊन पाठ करून उभ्या राहिल्या.

मी म्हणालो, "काय गं?"

राणी म्हणाली, "आजोबा, ह्यांना सुई टोचली. ठप्पा राहिलाय."

"अगं, कागदावर लिहितात ते."

"ते कागदाचं. ह्या म्हणायल्यात, ठप्पा मारल्याशिवाय टोचल्यासारखं वाटत न्हाई."

मी म्हणालो, ड्रेस खराब होतो, आया शिव्या देतील. तर एकीनं सांगितलं, आईनंच पाठवलंय, जुना ड्रेस घालून. आता काय करणार? आत गेलो. फळीवर तिची वाटी तशीच होती, गेरू वाळून तडे गेलेले. पाणी घालून कालवला. बाहेर येऊन खुर्चीत बसलो आणि अंगठ्यानं एकेकीच्या पाठीवर ठप्पा मारला. मला तिच्यासारखं जमत नाही, ठप्पे वाकडे आले. पोरींनी कुरकुर केली नाही. शेवटी रांगेत एक चिमुरडी उभी होती, भीमरावाची धाकटी नात, पहिलीतली.

"तुला टोचलंय का?"

"न्हाई."

"मग कशाला आलीस?"

तिनं नुसता आ केला.

मी वाकून बघितलं. समोरचा एक दात पडलेला, खाली पांढरं टोक दिसत होतं. म्हणालो, "कोकरू हायस अजून. जा, खेळ. तुझा नंबर आला की ये." ती पळाली. मग तिच्यासाठी का कुणासाठी, वाटी तशीच ओटीवर झाकून ठेवली.

संध्याकाळी सुनेनं भाकरी वाढली. हात धुतले होते, पण अंगठ्याचा गेरू निघाला नव्हता. भाकरी मोडताना तो भाकरीला लागला. सून म्हणाली, मामा, दुसरी देते. मी नको म्हणालो. तीच खाल्ली. नीट चावून.